मोहाची आणेवारी कोण काढणार?



सरकारला पाऊस कळायचा तो तालुक्याच्या पर्जन्यमापकातून आणि दुष्काळ कळायचा तो आणेवारीतून. तालुक्याच्या गावी एक नळकांडं उभं असायचं. त्यात जेवढं पाणी पडलं तेवढा पाऊस साऱ्या तालुक्यात पडला असं लिहून घ्यायचे. मग पिकं उभी असताना तलाठी, सर्कल यायचे, ज्वारी-मका बघायचे आणि गावाची आणेवारी ठरायची. पन्नास पैशांच्या खाली आली तर टंचाई, वर राहिली तर सगळं ठीक.

आता आमचा सवाल असा, की आमचं वरीस काय फक्त ज्वारी-मक्यावर निघतं? होळीपासून पुढे मोहाची फुलं, त्याच्यामागून चारोळी, बिडीपत्ता, आणि पाऊस तोंडावर आला की मोहाची टोळंबी. आमच्याकडे तिला डोळीच म्हणतात. घरात तेल येतं ते डोळीचं. बाजारातून मीठ, कपडा आणि पेरणीचं बी येतं तेही पुष्कळ घरी डोळी विकूनच. हे सगळं झाडावरचं पीक आहे आणि तेही पावसावरच आहे. पण आणेवारीच्या कागदावर त्याला रकानाच नाही. शेत बुडालं तर निदान कागदावर बुडतं. मोह बुडाला तर कोणाला पत्ताही लागत नाही.

साहेब लोक म्हणतात, झाडाला काय, ते जंगलात उभंच असतं, त्याची मुळं खोल असतात, त्याला एका पावसाचं काय? ही गोष्ट अर्धी खरी आहे. मोहाची मुळं खोल जातात म्हणून शेत करपलं तरी मोह एकदम हात आखडत नाही. १९७२ च्या दुष्काळाचं म्हातारी माणसं सांगतात, की ज्वारीचा दाणा नव्हता तेव्हा मोहाची फुलं उकडून खाल्ली. म्हणजे शेत आणि झाड एकाच साली बुडतील असं नाही. पण झाड बुडतच नाही हे खोटं. झाडाचं बुडणं वेगळ्या हिशोबाचं असतं. तो हिशोब आम्हाला ठाऊक आहे आणि कचेरीला नाही, म्हणून तो इथे जरा लांबण लावून मांडतो.

ज्वारीला एका सालचा पाऊस पुरतो. झाडाला नाही. यंदाच्या चैत्रात जी फुलं पडतात त्यांचा माल झाडाने मागच्या पावसाळ्यात आणि त्याच्या पुढे साठवलेला असतो. मागचा पाऊस चांगला झाला, पानं भरपूर दिवस हिरवी राहिली, तर झाडाच्या अंगात साठा होतो. मागचा पाऊस लवकर तुटला तर पानं लवकर वाळतात, साठा कमी. म्हणजे दुष्काळाचा फटका झाडावर पुष्कळदा त्याच साली न दिसता पुढच्या साली दिसतो. तोवर सरकारचा दुष्काळ संपलेला असतो, रोजगार हमीचं काम बंद झालेलं असतं. १९८७ साली देशभर दुष्काळ पडला आणि १९८८ ला पाऊस भरपूर झाला. तुमच्या तुमच्या झाडाचं आठवा, ८७ च्या उन्हाळ्यात किती टोपल्या आल्या आणि ८८ च्या उन्हाळ्यात किती. कोणाचं काय निघतं ते बैठकीत सांगा. सगळ्यांचं सारखं निघणार नाही, आणि त्याचंही कारण आहे, ते पुढे येतंच.

दुसरी गोष्ट, झाड दरसाल सारखं देत नाही. एक साल भरून दिलं की दुसऱ्या-तिसऱ्या साली थकतं. पाऊस सारखा झाला तरी हे होतं. अंजनाचं झाड बघा. चारा दरसाल देतं, पण शेंगा भरून येतात त्या चार-पाच सालांतून एकदा. बांबूचं तर विचारूच नका, तो उभ्या आयुष्यात एकदाच फुलतो, दाणा टाकतो आणि मरतो. मोह एवढा टोकाचा नाही, पण त्यालाही विसावा लागतो. विसाव्याचं साल आणि कमी पावसाचं साल एकावर एक आलं की डोळी काहीच नाही म्हणा.

तिसरी गोष्ट महत्त्वाची आहे आणि ती कोणत्याच नळकांड्यात मोजत नाहीत. पाऊस किती पडला यापेक्षा कधी पडला याला झाडाच्या कारभारात जास्त भाव आहे. फाल्गुन-चैत्रात मोह फुलावर असतो तेव्हा आभाळ आलं, अवकाळी पाऊस पडला, गारा पडल्या, तर फुलं काळी पडतात, सडतात. त्या दोन इंच पावसाने तालुक्याची सरासरी वाढते. कागदावर ते साल चांगलं दिसतं. आमच्या घरी ते साल वाईट असतं. चारोळीचंही तेच. चारोळी मोहाच्या आधी, थंडीच्या सरतीला फुलते, तेव्हाचं ढगाळ आणि धुकं तिला सोसत नाही. सागाचं उलटं आहे, तो भर पावसाळ्यात फुलतो. तेव्हा दिवसामागून दिवस झड लागली तर माशा-किडे फुलावर येत नाहीत आणि बी कमी धरतं. एकच पावसाळा एका झाडाला वर काढतो आणि दुसऱ्याला खाली दाबतो. मग 'तालुक्यात सरासरीच्या शंभर टक्के पाऊस झाला' या वाक्याचा आम्ही काय अर्थ लावायचा?

फुलं चांगली आली म्हणजे डोळी चांगली येणार असंही नाही. मोहाचं जे फूल आपण वेचतो ती नुसती रसाची पाकळी असते. फळाचा गर्भ वर डहाळीलाच राहतो आणि तोच पुढे वाढून फळ होतो. म्हणून फूल वेचल्याने फळ कमी होतं असं कोणी साहेब सांगत असेल तर त्याला झाडाखाली नेऊन दाखवा. फळ कमी होतं ते दुसऱ्या कारणांनी. वैशाखातलं वादळ कच्ची फळं झोडतं, जमिनीत ओल नसली की झाड स्वतःच फळं गाळतं, आणि त्या अगोदर फुलांवर रात्री वटवाघळं आली नाहीत तरी फळ धरत नाही. वटवाघूळ फळ खातं म्हणून आपण त्याला दगड मारतो. पण मोहाचं लगीन तेच लावतं आणि बी लांबवर नेऊन टाकतं तेही तेच.

आता डोळी झाडावरून खाली पडायची वेळ. ती येते ज्येष्ठात, मृगाच्या अलीकडे-पलीकडे. इथे पाऊस आमच्याशी आणि जंगलाशी दोन वेगवेगळे खेळ खेळतो. मोहाचं बी ओलं असतं, तेलाचं असतं. ते ज्वारीसारखं कणगीत ठेवून पुढच्या साली पेरता येत नाही. थोड्याच आठवड्यांत त्याचा जीव जातो. म्हणून मृगाचा पाऊस वेळेवर लागला तर खाली पडलेलं बी लगेच फुटतं, जंगलाला नवं रोप मिळतं. पण त्याच पावसात आमची वेचलेली डोळी वाळत नाही, बुरशी धरते, तेल कडू होतं, आणि बाजारात शेठ 'माल ओला आहे' म्हणून भाव पाडतो. वर पुन्हा पेरणीची घाई, बायका शेतात जातील का डोळी वेचतील? उलट पाऊस लांबला तर आमची डोळी खडखडीत वाळते, चार पैसे येतात, पण जंगलात पडलेलं बी मरतं. आणि सगळ्यात वाईट साल कोणतं, तर मृगात दोन दिवस पडून मग आर्द्रा कोरडी जाते ते. बी फुटतं, कोंब बाहेर येतो आणि उन्हाने जळतो. आमचीही डोळी भिजलेली आणि जंगलाचंही रोप गेलेलं.

हे एवढं लांबण लावलं, कारण पुढे जे सांगायचं आहे ते यावरच उभं आहे.

वनखात्याची माणसं गावात येऊन म्हणतात, जंगलात नवी रोपं दिसत नाहीत, तुमची जनावरं खातात, तुम्ही आग लावता, म्हणून हे कूप बंद. यातलं आगीचं बोलणं अगदीच खोटं नाही. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा काही जण जाळतात. आग हाताबाहेर गेली की मागच्या पावसात आलेलं रोप त्यात जातं. झाडून काढलं तरी फुलं दिसतात, जाळायची गरज नाही, हे गावोगाव ठरवलं पाहिजे. चारोळीचं तर त्याहून वाईट चाललं आहे. दुसरा नेईल या भीतीने कच्ची तोडायची, हात पोचत नाही म्हणून फांदी तोडायची. तोडलेली फांदी पुढच्या साली कुठून धरणार? तिथे पावसाला नाव ठेवून भागणार नाही.

पण रोप न दिसण्याचं सगळं खापर आमच्यावर? लागोपाठ दोन सालं मृग फसला तर कुंपण घालून, पहारेकरी ठेवूनही मोहाचं रोप दिसणार नाही. हे ज्याला समजत नाही तो जंगलाचा कारभार कसा करणार? आणि रोप नाही म्हणून कूप बंद करून तिथे लावतात काय, तर साग. सागाचं बी टणक, वर्षभर पोत्यात टिकतं, रोपवाटिकेत टाकायला सोपं. मोहाचं बी पडल्या पडल्या लावावं लागतं, त्याला हुकमाची वाट बघायला सवड नाही. कागद येईपर्यंत बी मेलेलं असतं. म्हणून कागदावर चालणाऱ्या जंगलात साग वाढतो आणि मोह म्हातारा होत जातो. आमच्यातल्या कोणीही मुठभर ताजी डोळी ज्येष्ठात बांधावर, नाल्याच्या काठी पुरली तर तेवढ्यात काम होतं. कोणाच्या परवानगीची वाट बघू नका, आपल्या खेडलेल्या जमिनीत तर मुळीच नको.

खेडलेल्या जमिनीचा विषय निघाला म्हणून. ३१ मार्च १९७८ पर्यंतची वनजमिनीवरची अतिक्रमणं कायम करायचा निर्णय सरकारने १९७८ सालीच घेतला. ती कायम होता होता १९८० चा वन संवर्धन कायदा आला आणि सगळं दिल्लीच्या परवानगीत अडकलं. तेव्हा पुरावा मागायचे तो दंडाच्या पावत्यांचा. ज्याने दंड भरला त्याची जमीन जुनी ठरायची, ज्याच्याकडे पावती नाही तो कालचा ठरायचा. आमचं म्हणणं आहे की शेताच्या मधोमध उभा असलेला मोह हाही पुरावा धरावा. शेत साफ करताना बाकीचं झाडोरं काढलं आणि मोह राखला, हे कोणी केलं? ते झाड कोणत्या घराचं, कोणाच्या आज्याने वाटणीत कोणाला दिलं, हे पाड्यातल्या पोरालाही माहीत असतं. सातबारावर नाही, पण गावाच्या तोंडी आहे. जंगलातल्या मोहांचीही घराघरात वाटणी आहे. झाड वनखात्याचं आणि फूल-डोळी आमची, असं पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. ते नुसत्या मेहरबानीवर नको, हक्क म्हणून लिहून पाहिजे, असं आमचं म्हणणं होतं. १९८८ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने नवं वनधोरण काढलं. त्यात जंगलात राहणाऱ्या आदिवासींच्या घरगुती गरजा, लाकूड, चारा, गौण वनोपज, यांचा जंगलावर पहिला हक्क धरावा असं लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे तर मग दाखवा.

आणि झाड लिहून घेताना कोणत्या सालचं उत्पन्न धरणार? ही गोष्ट नर्मदेकाठच्या भावांनी नीट ध्यानात घ्यावी. सरदार सरोवराच्या पाण्यात आपल्या राज्याची ३३ गावं सापडली, ती सगळी अक्राणी-अक्कलकुव्याची. तिथे मोजणीला माणसं यायची. मोजणारा एका दिवशी यायचा. ते झाड विसाव्यावर असलं किंवा त्या साली गारा पडल्या असल्या, तर तो लिहायचा, 'मोह, एक, उत्पन्न किरकोळ'. नाहीतर नुसतं लाकडाचं माप घ्यायचा. पन्नास-साठ वर्षं देणाऱ्या झाडाची किंमत एका वाईट सालावरून किंवा फळीच्या मापावरून काढणं म्हणजे गाभण गाय कातड्याच्या भावाने विकत घेणं आहे. आमचं मत स्पष्ट आहे, निदान पाच सालांचं उत्पन्न धरल्याशिवाय झाडाच्या कोणत्याही कागदावर अंगठा देऊ नये. जमिनीबदली जमीन म्हणतात. ती जमीन मैदानात मिळाली तर तिथे मोह कुठे आहे? शिंदखेड्याकडे वीस-बावीस इंच पाऊस पडला तरी लोक खूश असतात, आपल्या अक्कलकुव्याच्या डोंगरात त्याच्या जवळपास दुप्पट पडतो. तिथली झाडं वेगळी, तिथलं वरीस वेगळं.

लांब कशाला जायचं, एका डोंगरातही पाऊस एक नसतो. धारेच्या या अंगाला कोसळतो, त्या अंगाला नुसती भुरभुर. नाल्याकाठचा मोह खडकाळ माथ्यावरच्या मोहापेक्षा कोरडं साल चांगलं काढतो. शेताच्या बांधावरचा एकटा मोह दाट रानातल्या मोहापेक्षा जास्त धरतो, कारण त्याला ऊन आणि जागा मिळते. म्हणून मघाशी म्हटलं की ८७-८८ चा हिशोब सगळ्यांचा सारखा निघणार नाही. एका पाड्याला डोळी भरून आली म्हणून शेजारच्या पाड्याला रोजगार हमीचं काम नाकारायचं हे चालणार नाही. १९७७ च्या कायद्याने काम मागणं हा हक्क झाला आहे, ते कोणत्याही साली मागता येतं. पण टंचाई जाहीर झाली तरच कामं निघायची असा अनुभव आहे, आणि टंचाई ठरायची आणेवारीवर. म्हणून पुन्हा तिथेच येऊन पोचतो: आणेवारीत मोह, डोळी, चारोळी धरली पाहिजे, आणि ती गावनिहायच नाही तर पाडानिहाय धरली पाहिजे.

यावर आपल्याच काही जुन्या साथींचं म्हणणं पडलं, की असं करू नका, झाडाचं उत्पन्न कागदावर गेलं की उद्या सरकार त्याच्यावर कर लावील, नाहीतर शेठच्या हातात आकडा जाईल. ही भीती उगीच नाही. मोहफुलांचंच बघा. दारूबंदीच्या १९४९ च्या कायद्यात मोहफुलांवरही बंधनं घातलेली होती, किती ठेवायची, कशी विकायची. घरात दोन पोती फुलं दिसली की पोलीस दारूवाला म्हणून धरायचा. खरं म्हणजे झाड एक साल देतं आणि एक साल देत नाही, म्हणूनच चांगल्या सालची फुलं वाळवून पुढच्या सालासाठी ठेवायची असतात. ती साठवण म्हणजे आमची दुष्काळाची बँक आहे. कायद्याने तीच गुन्हा केली. मग माणूस काय करायचा, चैत्रातच पडत्या भावाने शेठच्या काट्यावर घालायचा आणि पावसाळ्यात तीच फुलं दुप्पट भावाने परत आणायचा. तेव्हा कागदाला भिणाऱ्या साथींचं आम्ही ऐकतो. तरीही आमचं मत असं आहे, की आकडा कोणाच्या हातात आहे यावर सगळं आहे. तो कचेरीने काढला तर आपल्याविरुद्ध जाईल. आपण काढला, आपल्याकडे ठेवला आणि लागेल तेव्हाच पुढे केला, तर तो आपला.

शेठचं म्हणाल तर त्याच्याकडे आकडा आजही आहे. भरीच्या साली बाजारात डोळी उतू जाते तेव्हा तो भाव पाडतो. कमी सालात भाव चढतो, पण आपल्याकडे विकायला काही नसतं, आणि वरून मागची उचल फेडायची असते. सरकारी खरेदी केंद्र असलं तरी ते उघडेपर्यंत डोळी धडगाव-मोलगीच्या बाजारातून निघून गेलेली असते. केंद्र कधी उघडायचं हे तारखेवरून ठरवतात. झाड तारीख बघत नाही. रोहिणीत वळीव झाले तर डोळी लवकर उचलावी लागते, नाहीतर पंधरा दिवस पुढे. ज्यांना गावाकडून आधी कळवलं जातं त्यांना हे जमेल. कळवायचं तर नोंद पाहिजे.

नोंद काही अवघड नाही. शाळेत जाणारी पोरं आता बहुतेक पाड्यांत आहेत. एक वही करायची. पाड्यातली दहा झाडं निवडायची, काही नाल्याकाठची, काही माथ्यावरची, काही शेतातली, कोणत्या घराची ते लिहायचं. दरसाल त्या प्रत्येक झाडाच्या फुलांच्या टोपल्या आणि डोळीच्या पायल्या लिहायच्या. टोपली एकच ठेवा, नाहीतर एकाची मोठी दुसऱ्याची लहान असा घोळ होईल. पाऊस मोजायला सरळ उभ्या अंगाचा, सपाट तळाचा पत्र्याचा डबा उघड्यावर ठेवून पट्टीने किती बोटं पाणी साचलं ते रोज सकाळी बघायचं आणि डबा ओतून टाकायचा. गारा, धुकं, वादळ कधी आलं त्याची तिथी लिहायची, आपली तिथी चालेल. ज्या घरी वही असेल तिथल्या म्हाताऱ्या माणसांना मागच्या सालांचंही विचारून घ्या. कोणत्या साली पोरगं झालं, कोणत्या साली बैल मेला, त्याच्या खुणेने त्यांना झाडाचं साल बरोबर आठवतं. आणि डोळीचं विचाराल तर बायांना विचारा. पुरुष माणसाला बाजारात काय भाव मिळाला ते आठवतं, कोणत्या झाडाखाली किती पडली ते बाईलाच ठाऊक.

वही गावच्या बैठकीत वाचून दाखवल्याशिवाय कोणा अधिकाऱ्याला द्यायची नाही. मागितली तर नक्कल द्यायची आणि त्याची पोच घ्यायची. मृगाच्या आत निदान झाडं निवडून व्हावीत. ज्या पाड्यांना वही-पेन्सिल लागेल त्यांनी पुढच्या बैठकीला येताना सांगावं, आणि ज्यांनी दहा झाडं निवडली असतील त्यांनी यादी बरोबर आणावी.